थंड सात, पक्की

तिने पुढच्या आलेखावर टिचकी मारली आणि पडद्यावर पुन्हा तीच चौकट आली : फाईल सापडली नाही.

प्रयोगशाळेतला जुना संगणक भंगारात गेला होता. आकड्यांच्या फायली नव्या यंत्रावर सुखरूप पोचल्या होत्या, पण आलेख आंधळे झाले होते. या प्रणालीत आलेख फक्त काढलेलं चित्र जपून ठेवतो. त्यामागचे आकडे दुसऱ्या फाईलीत राहतात आणि आलेखाला तिचा पत्ता तेवढा ठाऊक असतो. बिऱ्हाड हललं की पत्ता चुकतो. आता एकेका आलेखाला नवा पत्ता सांगत बसायचं. हे काम नवऱ्याने सकाळी रिकाम्या कपाबरोबर तिच्याकडे सरकवलं होतं.

"अगं, तुझे आलेख रुसलेत. उद्या माझं भाषण आहे. तेवढी समजूत घाल त्यांची."

तो विभागाचा प्रमुख होता. ती विभागाची नेमकी कोण, हे कुणालाच चटकन सांगता आलं नसतं. त्याच्या हाताखाली तिने प्रबंध केला, मग त्याच्याशी लग्न केलं, आणि तेव्हापासून त्याच्या प्रयोगांचे आकडे ती घरच्या लोणच्यासारखे सांभाळत आली होती. पाण्याचा हात लागू द्यायचा नाही.

राहता राहिला तो त्याचा नावाजलेला आलेख. धातूची चकती गार करत नेली की तिचा विद्युतरोध हळूहळू उतरतो. पण अगदी खोल थंडीत रेघ एकाएकी खाली वाकते. हे वळण पाठ्यपुस्तकांत त्याच्या नावाने छापलं जाई. उद्याचा सन्मानही त्या वळणाचाच होता.

तिने दुव्यांची यादी उघडली. सगळे आलेख पक्क्या फायलींना जोडलेले होते. हा एकटा 'थंड सात, कच्ची'ला, सातव्या थंड मोजणीच्या कच्च्या आकड्यांना.

तिला आधी हसूच आलं. चुकून झालं असणार. तापमापकाच्या तारेचा डाक, म्हणजे जोडावरचा कथलाचा ठिपका, खोल थंडीत तडकतो, हे तिनेच चिमट्याने तार उचलून पाहिलं होतं. तडकला की तापमापक खोटं बोलू लागतो. तिने नवा तापमापक लावला, दोन्ही ताडून पाहिले, आकडे दुरुस्त करून 'पक्की' फाईल केली. कच्ची तशीच ठेवली, कारण मोजलेला आकडा पुसायचा नाही, असं तिला शिकवलं होतं. त्यानेच शिकवलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "बरं झालं पाहिलंस. वळण टिकलं ना?" ती म्हणाली होती, "आलेख तुमच्याकडे आहे, तुम्हीच पाहा." दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "टिकलं." तिने विश्वास ठेवला होता. तिचा प्रबंध त्या विश्वासावर उभा होता. संसारही.

तिने नवा पत्ता दिला : थंड सात, पक्की. रेघ हलली आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली.

तिने पुन्हा कच्ची लावली. वळण आलं. पक्की लावली. गेलं. मग तिचं लक्ष दुव्यापुढच्या रकान्याकडे गेलं. बाकी सगळ्या आलेखांपुढे 'आपोआप बदला' होतं. याच्यापुढे 'कधीही बदलू नका'. हे चुकून होत नाही. त्यासाठी यादी उघडावी लागते, ओळ निवडावी लागते, आणि खरंच का, असं प्रणालीने विचारल्यावर पुन्हा एकदा हो म्हणावं लागतं.

दार ढकलून तो आत आला.

"झाली का समजूत?"

"अहो, एकाचा दुवा कच्च्या फाईलीला आहे."

त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. काच आधीच स्वच्छ होती.

"असेल. राहू दे तसाच."

"मी दुरुस्त केली होती ना ती?"

"तोवर लेख छापायला गेला होता."

"नव्हता गेला. पाकीट मीच चिकटवलं होतं, नंतर."

तो खिडकीपाशी गेला. खाली कुणीतरी सायकल उभी करत होतं, ते पाहत राहिला.

"दुसऱ्या लोकांनाही दिसलं ना वळण?"

"त्यांनी आपल्यासारखाच तापमापक घेतला होता. तोच डाक."

"हे बघ, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, पण मी अजून जिवंत आहे. आणि तुझी पदवी कुठून आली? माझं गेलं तर तुझं राहील?" मग आवाज मऊ करून म्हणाला, "शहाणी आहेस. उद्या लवकर निघायचंय."

तो गेल्यावर ती पुन्हा यादीकडे वळली. मग तिने कच्ची लावून वळणाचं जुनं चित्र परत आणलं, आणि ते न बदलता दुवा तेवढा पक्क्या फाईलीला जोडला. त्या रकान्यात तिसराही एक पर्याय होता, 'विचारून बदला'. तिने तो निवडला आणि संगणक बंद केला.

सभागृह गच्च भरलं होतं. तिसऱ्या रांगेत तिच्या शेजारी नणंद बसली होती, नव्या साडीच्या निऱ्या सतत नीट करत.

"वहिनी, दादाने हे सगळं एकहाती केलं हो! घरात कुणाची साथ ना संगत."

"हो, वन्सं."

चिकटवलेली चित्रं दाखवणं त्याला कमीपणाचं वाटे. तो प्रणालीच उघडून आलेख लोकांसमोर ताणून, फुगवून दाखवायचा. आजही त्याने उघडला. भिंतीएवढ्या पडद्यावर वळण आलं आणि त्याच्यावर चौकट उमटली :

जोडलेल्या फाईलीतले आकडे वेगळे आहेत. आलेख त्यांच्याप्रमाणे बदलायचा का?

हो. नाही.

तो थांबला. त्याची नजर रांगांवरून फिरत तिसऱ्या रांगेशी आली. तिने पापणी हलवली नाही.

"नाही दाबा, सर!" मागून कुणीतरी मदतीला धावलं.

"नाही, नाही! उगाच काहीतरी बिघडायचं," दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला.

"मेली यंत्रं," नणंद पुटपुटली, "भरल्या ताटावर प्रश्न विचारतात."

तोही हसला. "यंत्रांनासुद्धा शंका येतात आताशा," म्हणाला, आणि 'नाही' दाबलं. चौकट गेली. वळण राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वाजवा की वहिनी, घरचंच कार्य आहे!"

भाषण संपलं तेव्हा अध्यक्ष उठले. घड्याळाकडे पाहत, आता कोण काय विचारणार अशा सुरात म्हणाले, "कुणाला काही शंका?"

व्यासपीठावर तो कागद गोळा करू लागला होता.

"वन्सं," ती म्हणाली, "ही पर्स जरा धरा." आणि तिचा उजवा हात मोकळा झाला.