दसऱ्यापासून झटके खाणारी गाडी

"ज्ञानेश्वरची गाडी भंगारात चालली म्हणे, आन् तो सोता बी..." शेजारचे उकंडराव ओसरीवर बायकोला म्हणाले आणि बोलत बोलत घरात गेले. त्यांच्या भिंतीला लागूनच मी उभी. पुढचं काही ऐकू आलं नाही.

मी तीच गाडी. चिखलीजवळच्या उंद्री गावची, लाल रंगाची, बारा वर्षांची. चोरून ऐकणं वाईटच, पण जिला कोणी हलवत नाही तिनं दुसरं करावं तरी काय?

ज्ञानेश्वरनं मला वापरलेलीच घेतली होती, पण जपली नव्यासारखी. यंदा त्यानं मला सुपरचार्जर बसवला. म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तेवढ्या हवेला पेट्रोल किती, ते माप पुण्याच्या एका पोरानं लॅपटॉपवरून भरून दिलं. त्या दिवशी मी चिखलीपर्यंत अशी पळाले की ज्ञानेश्वर एकटाच हसत होता.

दोन दिवसांनी दसरा. त्याची माय सिंधूताई ताट घेऊन आली. "नवं काय बसवलं ते दाखव. पूजा त्याची व्हाले पाह्यजे." त्यानं हवा आत घेणाऱ्या पाइपावरचा फिल्टर काढला. तिनं पाइपाच्या तोंडाला भरभरून हळद-कुंकू लावलं आणि यानं लगेच मला सुरू केलं. कुंकू सर्रकन आत गेलं. मला कळलं, पण सांगू कोणाला?

तेव्हापासून थांबलं की मी बंद पडायची, चढावर झटके द्यायची. पुण्याचा पोरगा दर वेळी पेट्रोल वाढवून नवं माप पाठवायचा. गाव म्हणे नजर लागली. हळूहळू ज्ञानेश्वर माझ्याकडे बघेनासा झाला. ताडपत्री पडली. वाऱ्यानं ती फडफडली की वाटायचं, कोणी आलं.

रविवारी भंगारवाला येणार होता. शनिवारी ज्ञानेश्वरनं शेवटचा उपाय म्हणून चिखलीचा मोतीराम मिस्त्री बोलावला.

"लॅपटॉप ठेव बे बाजूले. हवा मोजणारा सेन्सर कोनी पाह्यला का?"

त्यानं पाइप खोलला. सेन्सरची केसाएवढी तार लाल-पिवळी झालेली.

"याले हवा कमी दिसून राह्यली होती, म्हणून पेट्रोल बी कमी जाय. हे कुंकू कोनं कोंबलं?"

ज्ञानेश्वरनं घराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मायले नको सांगू, भाऊ. मनाले लावून घेईन ते."

"मी कायले सांगतो? दसऱ्याले मी बी पान्या-पकडीले कुंकू लावतो. फक्त त्याले खाऊ घालत नाही."

तार धुतली. मी सुरू झाले, पण काळा धूर ओकू लागले.

"पेट्रोल वाढवून ठेवलं ना तुम्ही. पह्यलंच माप टाक."

ते टाकलं आणि मी सरळ चालले. चढावरसुद्धा.

भंगारवाल्याला परत पाठवलं. उकंडरावांचं तेवढं खोटं ठरलं. पण मला ऐकू न आलेलं अर्धं खरं निघालं: सोमवारी ज्ञानेश्वर बॅग घेऊन पुण्याच्या बसमध्ये बसला. नोकरीचं पत्र आधीच आलं होतं, आणि तिथं खोलीपाशी गाडी उभी करायला जागा नाही.

आता मी ठणठणीत आहे, आणि इथंच आहे. सिंधूताईला गाडी चालवता येत नाही. तरी ती संध्याकाळी येते, पुढच्या सीटवर बसते, पदरानं काच पुसते आणि जाते. तुमच्याही गल्लीत माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्या धुळीवर बोटानं नाव लिहून निघून जाऊ नका. दार उघडून दोन मिनिटं बसा. कुठं जायचं नसलं तरी चालेल.