अकराव्या दिवसाचा चाफा

फडके सुटले आणि काठी फुललेली दिसली.

"फुलली! अवं माय, खरंच फुलली!" पुढे उभ्या असलेल्या बाईने तोंडावर पदर धरला आणि नत्थूजींच्या अंगणातली सगळी गर्दी एकदमच पुढे सरकली. पिपरी मेघेतल्या त्या नव्या वस्तीत सकाळी आठालाच वैशाखाचे ऊन भिंतींवरून खाली उतरू लागले होते. माणसे फाटकावर होती, कुंपणावर होती, उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर चढली होती. त्या सगळ्यांच्या मधोमध, तुळशीपासून चार हातांवर, राखेने माखलेली मनगटाएवढी जाड काठी जमिनीत रोवलेली होती. तिला एकही पान नव्हते. आणि टोकावर पांढऱ्या चाफ्याची तीन फुले होती, गाभ्याशी पिवळी, शांत, कुणाच्याही ओरडण्याशी संबंध नसलेली.

काठीबाबांनी दोन्ही हात वर केले.

"बोलो! पत्ता है? नाही! पानी दिया? नाही! बारा साल ही लकडी माझ्या हातात चालली, सुकून हड्डी झाली. तो फूल किधर से आया?"

"देवीकडून!" गर्दी म्हणाली.

"जो शंका करेल, त्याच्या घरातली चूल थंडी होईल!"

बाबांची भाषा कोणत्याही तालुक्याने आपली म्हटली नसती. प्रश्न हिंदीत, धमकी मराठीत. आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागू लागला असे वाटले, की ते डोळे मिटून संस्कृतासारखे काहीतरी पुटपुटत. त्यांचे शिष्य पुंडलिकराव सोडलेल्या भगव्या फडक्याची घडी घालत पुढे आले आणि निकाल सांगितल्यासारखे म्हणाले, "नत्थूजी, देवीनं पोरीले पदरात घेतलं. उन्हं चढायच्या आत निघू. वर्षभर मठात सेवा केली की अंगातलं जे काय हाय, थे आपोआप जाईन."

हे सगळे अंकिता एका चार बोटांच्या फटीतून पाहत होती.

तिच्या खोलीला खिडकी एकच, आणि वर्धेच्या उन्हाळ्यात खिडकी ही माणसांची नसते, कूलरची असते. लोखंडी चौकट आणि कूलर यांच्यामध्ये उरलेली ती फट एवढेच अकरा दिवसांचे तिचे जग होते. दाराला बाहेरून कडी होती. ती कडी काठीबाबांनी सांगितल्यावर तिच्या वडिलांनी, नत्थूजींनी, नवी आणून बसवली होती. लाकडात स्क्रू पिळले जातानाचा आवाज तिने आतून, पलंगावर बसून ऐकला होता. त्यानंतर तो आवाज खोलीतून बाहेर गेलाच नव्हता.

चोवीस वर्षांच्या अंकिताला मिरगी होती. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या गोळ्यांवर तीन वर्षे एकही झटका आला नव्हता. पाडव्याला ती मामाकडे गेली, गोळ्या घरी राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी मामाच्या ओसरीवर, पंचवीस माणसांदेखत, ती कोसळली. कारण इतके साधे होते की कुणालाच ते पुरेना. पुंडलिकराव काठीबाबांना घेऊन आले. बाबांनी गोळ्यांचे पाकीट नत्थूजींच्या हातून घेऊन आपल्या झोळीत टाकले, अंगणात काठी रोवली, तिच्या टोकाला भगवे फडके बांधले आणि सांगितले: अकरा दिवस पोरीला कोंडा, काठीला पाण्याचा थेंब घालू नका, फडक्याला हात लावू नका, काठी फुलली तर देवीने पोरगी मागितली असे समजा. मठात औषध चालत नव्हते.

सातव्या दिवशी झटका पुन्हा आला. शुद्धीवर येताना तिला जिभेवर रक्ताची चव आणि दाराबाहेर आईचे, जयवंताबाईंचे, दबलेले रडणे एवढेच कळले. पुढचा झटका मठात येईल, जिथे तिला कुशीवर वळवणारेही कुणी नसेल. हे गणित तिला स्वच्छ दिसत होते, आणि ते सांगायला तिच्यापाशी तोंड उरले नव्हते.

कारण तिचे बोलणे तिचे राहिले नव्हते. पहिल्याच दिवशी ती कूलरमागून ओरडली होती, "आई, माह्या गोळ्या दे!" फिरत्या पंख्याच्या पात्यांतून तो आवाज तुकडे तुकडे होऊन, घोगरा, थरथरता बाहेर पडला, आणि अंगणातल्या बायका दोन पावले मागे सरल्या. "पाहा, आवाज बदलला!" पंख्यासमोर तोंड धरून असा आवाज काढण्याचा खेळ त्यातली प्रत्येक जण लहानपणी खेळली होती. त्या क्षणी एकीलाही तो आठवला नाही. त्यानंतर अंकिता रडली तर 'ते' रडले, भांडली तर 'ते' भांडले. शहाणपणाचे बोलली, तर 'ते' फार हुशार आहे असे ठरले. ज्या कोठडीच्या भिंती आपल्याच शब्दांनी उंच होत जातात, तिच्यात माणूस शेवटी गप्प बसायला शिकतो.

तिच्याशी बोलायला एकच माणूस येई. शेजारच्या भागीरथा मावशी रोज दुपारी कूलरच्या टाकीत पाइपने पाणी भरत. वस्तीतल्या निम्म्या अंगणांतली फुलझाडे या दोघींच्या हातची होती. पेन्टच्या डब्यांत जास्वंद, दुधाच्या पिशव्यांत मोगरा, फुटक्या बादलीत बोगनवेल. फांदी कुठे तिरपी कापायची, किती डोळे मातीखाली जाऊ द्यायचे, हे अंकिता पुस्तकातून कमी आणि मावशींच्या बोटांकडे पाहून जास्त शिकली होती. गेल्या साली तिने मावशींच्या झाडाची चाफ्याची फांदी कापून चीक गळतानाच मातीत खोचली होती, वर भरपूर पाणीही घातले होते. दहा दिवसांत फांदी खालून सडली. मावशी हसल्या होत्या, "चाफ्याले घाई चालत नाई, वं. आधी चीक सुकू दे. सावलीत टाकून विसरून जा, मंग लाव." म्हणून या होळीनंतर तिने चार फांद्या कापून मावशींच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली ठेवल्या होत्या. आणि मग ती खरोखरच विसरली.

काल, दहाव्या दिवशी, पाणी भरता भरता मावशी फटीशी वाकल्या. "तुह्या फांद्या हायेत ना टाकीखाली? त्यातली एक फुलली, वं. ना माती, ना पाणी. मी वाळवणं काढाले गेलती, तं पाह्यलं."

 अंकिताने फटीतून अंगणातल्या काठीकडे पाहिले. तिची जाडी, तिच्या सालीवरचे गळलेल्या पानांचे अर्धचंद्र, जे राखेखालीही लपले नव्हते.

"मावशी, त्या फडक्यात काय हाय, मले ठाऊक हाय. कळे हायेत. तुम्ही सांगा ना माह्या बाबाले."

"मी?" मावशी झटकन मागे झाल्या आणि पाइपचे पाणी भिंतीवर सांडले. "मी एकटी रांडमुंड बाई. लोक म्हणतीन, म्हातारीनंच करणी केली. कोंडतीन मलेच." मग फटीशी तोंड नेऊन त्या कुजबुजल्या, "त्यापेक्षा तूच कर. उद्या सगळे जमले की केस मोकळे सोड, घुम, आन् सांग: मी देवी बोलून राह्यली, पोरीले सोडा. सारे पाया पडतीन."

तो मार्ग सोपा होता, आणि तो चालला असता. म्हणूनच अंकिता त्या विचाराने जास्त घाबरली. "नाई मावशी. आज देवी होऊन सुटली, तं उद्या परवा देवीच राहा लागन. मंग गोळ्या कोण देईन मले? देवीले कोणी गोळ्या देते का?"

मावशी पाइप गुंडाळून गेल्या होत्या.

आता अंगणात आरती सुरू झाली होती. फाटकाबाहेर पुंडलिकरावांच्या जीपचे इंजिन चालू झाले. नत्थूजी काठीसमोर मान खाली घालून उभे होते. सिंदी रेल्वे या गावाजवळ त्यांची सहा एकर कपाशी होती. मुलीच्या शिक्षणासाठी ते इथे राहायला आले, तरी पेरणीचा महिना शेतातच काढत. फटीतून त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि मागे धरलेली, नखांत काळी माती कायमची शिरलेली ती बोटे. त्या बोटांकडे पाहताना अंकिताला एकदम कळले, की आपल्याला काही सांगायचे नाहीच. फक्त विचारायचे आहे.

तिने हात लांबवून कूलरचे बटण बंद केले.

पात्यांनी दोन मंद वेढे घेतले आणि ती थांबली. अकरा दिवस चाललेला तो घरघराट एवढा अचानक नाहीसा झाला, की आरती म्हणणारेही अडखळले. त्या शांततेत एका साध्या, किंचित दमलेल्या मुलीचा आवाज अंगणात आला.

"बाबा."

नत्थूजी वळले. हा आवाज त्यांनी अकरा दिवसांत ऐकला नव्हता.

"बाबा, मातीत टोबलेलं बी लागलं का नाई, थे तुम्ही शेतात कसं पाह्यता?"

"हे काय विचारून राह्यली?"

"सांगा ना."

"कसं म्हणजे... उकरून पाह्यतो. रोप असन तं जरासं ओढून पाह्यतो. मुळी धरली असन तं हाताले ओढ लागते."

"मंग हे रोप काऊन नाई पाह्यलं?"

कुणीतरी खोकले. पुंडलिकराव घाईने म्हणाले, "चला, चला, पोरीले बाहेर काढा, उशीर होऊन राह्यला!" पण नत्थूजी काठीकडे पाहत होते, भक्ताच्या नजरेने नव्हे, आषाढात पेरलेल्या ओळीकडे पाहावे तसे. ते खाली बसले.

"हाथ मत लगाना!" बाबा गरजले. "भस्म होशील!"

"महाराज, मी काई उपटत नाई. फक्त ओढ पाह्यतो. देवीनं लावलेलं रोप, माह्यासारख्याच्या हातानं थोडंच येते?"

अंकिताला त्यापुढचे दिसले नाही. बाबांची कफनी फटीच्या आड आली. तिला ऐकू आला तो फक्त मातीचा एक कोरडा, क्षुल्लक आवाज, आणि मग वडील धपकन मागे बसल्याचा. त्यांनी ओढ लागेल या भरवशाने जोर लावला होता. ती काठी खरी निघावी, अशी आशा त्या क्षणापर्यंत त्यांच्याही हातात होतीच.

कफनी बाजूला झाली. नत्थूजींच्या हातात काठी होती. तिचे खालचे टोक विळ्याने एका घावात कापलेले, वर वाळलेल्या चिकाची पिवळट खपली. केसाएवढेही मूळ नव्हते.

"मुळं पाताळात राहिली!" बाबा म्हणाले.

"अन् काठी तेवढी वर आली का, महाराज?" मागून एक बाई म्हणाली. "मुळाले काय रिझर्वेशन नव्हतं?"

पहिले हसू तिथे फुटले. भीतीसारखेच तेही एकापासून दुसऱ्याकडे गेले. तेवढ्यात फाटकातून भागीरथा मावशी आत आल्या.  त्यांच्या हातात चाफ्याची निष्पर्ण फांदी होती, आणि तिच्या टोकाला दोन फुले.

"हे माह्या टाकीखाली पडून व्हती, नत्थूभाऊ. अंकितानंच कापली व्हती होळीनंतर. हिले कोण्या महाराजानं मंत्र देल्ला, सांगा बरं?" त्यांनी बाबांच्या काठीवरची राख अंगठ्याने पुसली आणि नख रुतवले. खालून हिरवे दिसले. मग पांढरा, दाट चीक हळूहळू ओघळला. "बारा साल वाळली व्हती ना हे हड्डी? मंग हे दूध कोनाचं?"

नत्थूजी उठले. ते खोलीशी आले, कडी काढली, आणि दार उघडून उंबऱ्याबाहेरच थांबले. आत यायचा अधिकार आपण गमावला आहे, असे मानून. अंकिता त्यांच्या बाजूने अंगणात आली. उन्हाने तिचे डोळे मिटले. ती बोलू लागली तेव्हा कुणीही मागे सरले नाही.

"चाफ्याची फांदी कापली तरी महिनोन्महिने जगते. जाड असते, आत चीक अन् पाणी साठलेलं असते. कापाच्या आधीच तिच्या टोकाले कळे आले असले, तं साठवणीवरच ते फुलतात; मूळ लागत नाई, माती लागत नाई. कळे दिसू नये म्हणून फडकं बांधलं. हिरवी साल दिसू नये म्हणून राख. अन् पाणी घालू नका म्हणाले, कारण पाण्यानं बिनमुळाची फांदी सडली असती, अकरा दिवस टिकलीच नसती. यात देवी नाई. यात फक्त कोणालेही करता येईन अशी एक गोष्ट हाय, अन् ते लपवणारा एक माणूस हाय."

जीपमधले पोते कुणीतरी ओढून काढले. त्यात राख फासलेल्या, भगवी फडकी बांधलेल्या आणखी तीन काठ्या निघाल्या. आणखी तीन अंगणांसाठी, आणखी तीन कड्यांसाठी. पुंडलिकराव त्या काठ्यांकडे पाहत राहिले. बाबांना फाटकाबाहेर जाऊ दिले गेले नाही. पोलीस येईपर्यंत ते तुळशीच्या ओट्यावर बसून होते आणि त्यांना एकही संस्कृत शब्द आठवत नव्हता.

जयवंताबाईंनी बाबांच्या झोळीतून गोळ्यांचे पाकीट काढले, तांब्याभर पाणी आणले. आई समोर उभी असताना अंकिताने गोळी घेतली. "आता सेवाग्रामले जाऊ," ती म्हणाली. "मधी बंद झाल्या, थे डॉक्टरले सांगा लागन."

दुपारी परत आल्यावर नत्थूजींनी पेचकस घेतला आणि दाराची कडी काढली. चारही स्क्रू त्यांनी तळहातावर धरले. त्यांचे काय करायचे, हे त्यांना कळेना. लाकडात चार भोके उरली होती. "बुजवून टाकतो," ते खाली मान घालून म्हणाले.

"राहू द्या, बाबा," अंकिता म्हणाली.

वाचणाऱ्यांनो, ती भोके अजून आहेत. अंगणातल्या दोन्ही फांद्या तिने चीक सुकू देऊन, वाळूमिश्रित मातीत नीट लावल्या आहेत. काठीचा त्यात काही अपराध नव्हता. तुमच्या गावात कुणी वाळले लाकूड फुलवून दाखवले, तर हात जोडण्यापूर्वी तोच हात खाली घालून एकदा ओढून पाहा. पेरलेल्या प्रत्येक बियाण्याची परीक्षा घेणारी आपण माणसे. आपल्या लेकीला कोंडताना तेवढेही विचारत नाही. आणि तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर त्याचा आवाज ऐकण्याआधी मधला पंखा बंद करा.

दोन महिन्यांनी नत्थूजींनी दोन्ही फांद्या हलकेच ओढून पाहिल्या. भागीरथा मावशींच्या फांदीची ओढ हाताला लागली. दुसरीची अजून नाही.