दुखण्याचा रकाना

हातमोजे घालायच्या आधी हुस्नानं हाताची पालथी बाजू बनाबाईंच्या मांडीला टेकवली, जिथं कातडी अजून शाबूत होती तिथं. अंग तापलेलं होतं. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, ती जांभळट दिसते, पिकत आलेल्या करवंदासारखी. नुसत्या डोळ्यांवर विसंबलं तर माणूस फसतो.

"मावशी, जरा कुशीवर करते हं. गुंडूमामा, त्यांचा खांदा धरा."

गुंडूमामा पुढं झाले. पंचाहत्तरीचा माणूस, पण मनगटं अजून जाड. जन्मभर म्हशी पाळलेल्या. कळंब्याच्या तळ्यावर नेऊन काथ्यानं घासून धुतलेल्या. त्यांनी बायकोचा खांदा धरला तशी बनाबाईंनी डोळे मिटून घेतले.

दारात मुलगी उभी होती, वर्षाराणी. सकाळच्या गाडीनं जयसिंगपूरहून आली होती. आईला पक्षाघात होऊन सात महिने झाले होते. डावी बाजू गेली होती आणि लघवी-संडासवरचा ताबाही गेला होता. जयसिंगपुरात, वर्षाराणीच्या घराजवळ, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी एक सेवाकेंद्र होतं. तिथल्या खाटा मोजक्या. केंद्रानं सांगितलं होतं, नर्सला घरी पाठवतो, ती कातडीची अवस्था बघून गुण देईल. बारापैकी नऊ किंवा वर आले तर खाट देऊ, कमी आले तर मलम देऊ, घरीच बघा.

हुस्ना त्यासाठी आली होती.

तिनं मोजे चढवले आणि कागदाप्रमाणं एकेक बघत गेली. बोट दाबून उचललं, रंग हटत नव्हता. लालीचे दोन. दोन्ही नितंबांच्या मध्ये आणि जांघेत कातडी सोललेली, ओलसर, चकाकणारी. त्याचे तीन. कडेनं मोहरीएवढे पुरळ विखुरलेले. ती बुरशी. सौम्य होती, त्याचा एक. माकडहाडावर मात्र काही नव्हतं, म्हणजे एका अंगावर पडून राहिल्याची ही जखम नव्हती. हे ओल्यानं झालेलं होतं आणि आणखी कशानं तरी.

"मामा, धुता कशानं?"

"लाल साबण. आन कढत पाणी." गुंडूमामांच्या आवाजात अभिमान होता. "दिसातनं पाच येळा. चांगलं खसाखसा घासतो. वास म्हनून येतोय काय बघा की घरात."

वास खरोखरच नव्हता. चादर पांढरी होती. असं घर हुस्नानं क्वचितच पाहिलं होतं.

"घासायचं नाही मामा. कोमट पाणी, मऊ कापड, नुसतं टिपायचं. तुमच्या घासण्यानंच कातडं निघालंय."

गुंडूमामांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडं पाहिलं. "माज्यानं झालं म्हंता?"

"काळजीनंच झालं," हुस्ना म्हणाली.

दोन, तीन आणि एक. सहा झाले. शेवटचा रकाना राहिला होता दुखण्याचा. त्याला जास्तीत जास्त तीन गुण.

"मावशी, आग होते का? किती?"

बनाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "थोडी," त्या म्हणाल्या. पक्षाघातानं जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते.

थोडी म्हणजे एक. एकूण सात. वर्षाराणीनं दारातूनच सुस्कारा सोडला.

"बघा," गुंडूमामा म्हणाले, "म्या म्हनत हुतो. हितंच बरी हुईल ती."

हुस्नानं लगेच आकडा लिहिला नाही. तो रकाना समोर आला की तिचं पेन थांबायचंच. बारा वर्षांपूर्वी एका दवाखान्यात ती वॉर्डात होती. खिडकीजवळच्या खाटेवर नबीलाल नावाचा शिंपी होता. हळू बोलणारा, कुणाला त्रास नको म्हणणारा. तो म्हणायचा, "शिस्टर, मागं जळतंय." त्या आठवड्यात वॉर्डात दोनच नर्सेस होत्या. ती म्हणायची, होईल कमी. आणि त्याला न वळवता तक्त्यावर लिहायची, त्वचा ठीक. चार दिवस लिहिलं. पाचव्या दिवशी चादर बदलताना ती त्याच्या कातडीपासून सुटेना. पुढं आठवड्याभरात तो गेला. मूत्रपिंडानं गेला असं कागदावर आलं, आणि ते खरंही होतं. त्याची बायको सुगरा जाताना हुस्नाचे दोन्ही हात धरून म्हणाली होती, "लई केलासा तुमी त्येंच्यासाठनं." तक्ता कुणीच पाहिला नाही. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. पण नबीलाल काही गेला नाही. भर दुपारी भाजी निवडताना, बसमध्ये, कुणाची चादर उचलताना तिच्या मानेमागं तो हळूच बोलायचा. तक्रारीच्या सुरात नव्हे. नुसतंच सांगायचा.

"मामा," हुस्ना म्हणाली, "कोमट पाणी आणता का? कसं टिपायचं ते दाखवते. वर्षाताई, एखादं जुनं, मऊ सुती लुगडं असेल तर बघा."

दोघंही आत गेली. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. हुस्ना बनाबाईंच्या उशाशी वाकली.

"आता सांगा. किती?"

हुस्नानं चादर नीट करायला म्हणून उजवी मांडी जराशी उचलली, आणि मागच्या बाजूला तिला एक डाग दिसला. वीतभर लांब, पांढुरका, कातडी ओढून घट्ट झालेली. हा सात महिन्यांतला नव्हता.

"हे काय, मावशी?"

"ते जुनं हाय. ते धरू नगंस."

"भाजलं होतं?"

बनाबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडं नजर टाकली. "चुलीतलं लाकूड," त्या म्हणाल्या. "म्हस आटली की माज्यावर निघायचं. ऊस जळला, माज्यावर. पोरगी झाली, माज्यावर."

हुस्नाचा हात चादरीवर तसाच राहिला.

"आता धुतोय," बनाबाई म्हणाल्या. त्यांना मध्येच दम लागत होता. "पाच येळा धुतोय. धुताना रडतोय बी. मी वरडले तर त्येला वाटतंय, मी जुन्यापायी वरडले. मग आनखी घासतोय."

"त्यांना सांगितलंत कधी, की नको म्हणून?"

"काय सांगू? चांगला झालाय त्यो. गावात समदी नाव घेत्यात. बायकूची सेवा करावी तर गुंडूनं." त्यांच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर चाचपडली आणि हुस्नाच्या मनगटाला लागली. "मला त्यो हात नगं वाटतोय, पोरी. चांगला असला तरी नगं."

आत पाणी ओतल्याचा आवाज आला.

"वर्षाताईंना ठाऊक आहे?"

"ल्हान हुती." बनाबाईंनी मान हलवली. "न्हाय सांगायचं. तिचा बाप हाय."

मग त्यांनी कागदाकडं पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बाकीचे रकाने भरलेत आणि एकच मोकळा आहे हे त्यांना दिसत होतं.

"जास्तीत जास्त किती ल्हितीस?"

"तीन."

"मग तीन. लई दुखतंय म्हनून ल्ही."

जखम पाहून हुस्नाला दोन वाटले असते. पण दुखणं बघून लिहायचं नसतं, विचारून लिहायचं असतं. नव्या मुलींना शिकवताना ती हेच सांगायची, आणि सांगताना त्यांच्या नजरेला नजर देत नसे. तिनं रकान्यात तीन लिहिले. खाली बेरीज केली. नऊ. मग सही केली.

गुंडूमामा पातेलं घेऊन आले. पाणी त्यांनी आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन पाहिलं होतं, बाही भिजली होती. हुस्नानं टिपून दाखवलं. त्यांनी हात मागं बांधून, शाळेतल्या पोरासारखं पाहिलं. मग तिनं कागद वर्षाराणीच्या हातात दिला.

"नऊ?" गुंडूमामा म्हणाले. "मगाशी तर थोडीच आग म्हनत हुती."

गुंडूमामांनी बायकोकडं पाहिलं. बनाबाईंनी या वेळी डोळे मिटले नाहीत. किती तरी वेळ दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग गुंडूमामांनी पातेलं उचललं आणि ते मोरीकडं गेले. पाणी ओतून झालं तरी बराच वेळ ते बाहेर आले नाहीत.

दोन दिवसांनी बनाबाईंना जयसिंगपूरला हलवलं.

तिसऱ्या आठवड्यात हुस्ना केंद्रावर पुन्हा तपासणीला गेली. फाटकातून आत शिरताना कडुनिंबाखालच्या बाकावर तिला गुंडूमामा दिसले. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, हात गुडघ्यांवर. तिला पाहून ते उठले.

"कधी आलात?"

"रोजच येतो की. सकाळच्या एस्टीनं. सांजच्याला परत."

"आणि आत?"

"न्हाय गेलो. बोलावलं न्हाय तिनं." त्यांनी टोपी काढली. "इचारशीला काय, शिस्टर? ईऊ का म्हनून?"

खाटेवर बनाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. केस कुणीतरी नीट विंचरून दिले होते. हुस्नानं पाहिलं. पुरळ गेलं होतं, सोललेल्या जागी नवी, पातळ कातडी आली होती. एकच गुण झाला, तोही उरलेल्या लालीचा.

"दुखतंय?"

"न्हाय."

तिनं शून्य लिहिलं. मग पेन खिशाला लावत म्हणाली, "मामा बाहेर आहेत. येऊ का विचारतायत."

बनाबाईंनी खिडकीकडं पाहिलं. तिथून बाक दिसत नव्हता, नुसत्या कडुनिंबाच्या फांद्या दिसत होत्या.

"जेवला का त्यो?"

"विचारलं नाही."

"रोज येतोय न्हवं?"

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"खोकतोय की. वळकू येतंय." त्यांनी पदर खांद्यावर ओढला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी झोपेत काहीतरी पुटपुटली. हुस्ना उभी राहिली, तिला घाई नव्हती.

"बसू दे," बनाबाई म्हणाल्या.

हुस्ना बाहेर आली. गुंडूमामा अजून उभेच होते, टोपी हातात घेऊन.

"काय म्हनली?"

आत या असं सांगितलं असतं तर म्हातारा आत गेला असता. जा म्हणून सांगितलं असतं तर फाटकातून मुकाट्यानं निघूनही गेला असता. हुस्नाला दोन्ही सुचलं.

"बसू दे, म्हणाल्या," तिनं सांगितलं. त्यात अक्षराचाही फरक केला नाही.

गुंडूमामांनी मान हलवली. टोपी डोक्यावर ठेवली. आणि ते बाकावर बसले, अगदी कडेला, शेजारी आणखी एका माणसाला जागा राहील असे.