मी बरा व्हायला नको होतो

मी तोंडातला फोड बोलतोय. नाकं मुरडू नका. तुमच्याही गालात कधीतरी राहून गेलोय मी. चहाचा पहिला घोट घेताना तुम्ही मला घातलेल्या शिव्या ऐकल्यात.

या खेपेला घाटकोपरच्या वनमालाच्या डाव्या गालात आलो. ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते. घाईत जेवताना तिचा गाल चावला गेला, आणि मी आलो. कुणाची झोप उडते, कुणाला काळजी खाते, कुणाचं रक्त कमी असतं, म्हणूनही येतो. कित्येकदा का आलो ते मलाच कळत नाही. लोक मात्र बिनधास्त सांगतात, उष्णता.

"आई, डॉक्टरला दाखव ना," तिची मुलगी श्रुतिका रोज मागे लागायची.

"अगो, उष्णता आसा. गुलकंद खातंय, होतला बरा."

आमचं बिऱ्हाड आठवड्या-दोन आठवड्यांचं. पण तिच्या खालच्या ओठाच्या आत, जिथे ती सकाळ-संध्याकाळ तंबाखूची मिश्री लावते, तिथे एक पांढरट, टणक चट्टा गणपतीपासून मुक्काम ठोकून आहे. आता शिमगा आला. मी हाक मारली, त्याने ओ दिली नाही. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून वनमालाला त्याचा पत्ताच नाही. हा आमच्यातला नव्हे, हे कळलं आणि माझी पाचावर धारण बसली.

मग मी ठरवलं, हिला छळायचं. आमटीची चव घेताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाईट वाटायचं, पण हटलो नाही. शेवटी गुरुवारी ती कण्हत म्हणाली, "बाय गो, शनिवारी दातांच्या डॉक्टराकडे नंबर लाव." केवढा आनंद झाला मला म्हणून सांगू.

पण माझ्या हातात काय आहे? शुक्रवारपासून मी भरून यायला लागलो. कितीही जोर लावला तरी दुखेना. शनिवारी दुपारी बांगड्याचं तिखलं पोटभर जेवून ती समाधानाने म्हणाली, "नंबर रद्द कर गो. गेलो मेलो एकदाचो."

श्रुतिकालाही हायसं वाटलं. तिने लगेच फोन लावला.

चाललो मी. वनमाला, मला खुशाल शिव्या दे, पण आरशासमोर एकदा ओठ उलटून बघ गं. तो चट्टा इतक्यात दुखणार नाही. दुखेपर्यंत थांबू नकोस.