चाकांची ट्रायल

आमची लेक अकरा वर्षांची, हट्टात बापावर गेलेली. तिच्या शाळेत उतारावरच्या गाड्यांची शर्यत ठरली, तेव्हा थोरल्या भाऊजींनी स्वतःहून सांगितलं, "गॅरेजात तयार गाडी पडलीय, घेऊन जा." चहा पिता पिता लेक म्हणाली, "नको काका, माझी गाडी बाबा करतायत." बाबांनाही हे तेव्हाच कळलं.

बाबा म्हणजे आमचे हे, शिंपी. भाऊजी त्यांना सुईदोरा म्हणतात, तेही गिऱ्हाइकांसमोर. ह्यांना त्याचा राग येत नाही, म्हणून मला दुप्पट येतो.

फळ्या, लोखंडी दांडे, जुन्या बाबागाडीची चाकं, सगळं दुकानातल्या कापायच्या टेबलावर आलं. खाली कोणाच्या तरी कोटाचं कापड, वर ग्रीसचा डबा. मी कपाळाला हात लावला. पण काम मन लावून चाललं होतं, खोटं कशाला बोलू. चाकाच्या मधोमध बेअरिंग बसवताना हे टाचण्या धरतात तसे वॉशर ओठांत धरायचे. मी काही विचारलं की नुसतं "हं." शर्यतीच्या आदल्या दुपारी चारही चाकं दांड्यांवर चढली आणि ह्यांचं तोंड एकदाचं मोकळं झालं. "ये बाळा, घे ट्रायल."

इथेच घोटाळा झाला. शिंप्याच्या दुकानात ट्रायल म्हणजे कच्च्या टाक्यांचा कोट घालून आरशासमोर गुपचूप उभं राहायचं. पक्की शिलाई नंतर. त्या हिशेबाने ह्यांनी चाकांचे नट नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते. पाना ट्रायलनंतर लागणार होता. हे खुणेचा खडू आणायला आत वळले, तेवढ्यात लेक गाडीत बसून दारातून गल्लीच्या उताराला लागली.

पुढचं एक चाक सुटलं आणि गाडीला मागे टाकून निघून गेलं. मग दुसरं. गाडी फरफटत गल्लीच्या टोकाला भाऊजींच्या गॅरेजात शिरली आणि जुन्या टायरांच्या ढिगात रुतून थांबली. जिथली गाडी नको म्हटलं होतं, नेमकी तिथेच गेली.

आम्ही धापा टाकत पोहोचलो. लेकीचा गुडघा खरचटला होता, बाकी शाबूत. भाऊजी पाना हातात घेऊन हसत होते. "सुईदोऱ्या, नट आवळायचे असतात रे. शर्टाचं बटण आहे का हे?"

हे हसले नाहीत. गुडघ्याकडे बघत म्हणाले, "दादाची गाडी घे बाळा. मला हे जमणार नाही."

एकेक कोट तीनदा उसवून पुन्हा शिवणारा हा माणूस, पण हे शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

लेक टायरांतून उठली. फ्रॉक झटकला. "बाबा, सीट थोडी मागे घ्या. गुडघे दांड्याला लागतात."

"अगं, पण चाकं..."

"ती तर बसवालच ना." मग ती काकांकडे वळली. "आणि काका, उद्या सुरुवातीला ढकलायला एक माणूस लागतो. तुम्ही याल?"

भाऊजींचं हसू विरलं. हातातला पाना त्यांनी ह्यांच्या हातात दिला.