मोटारीची पाजणी

नंदलाल निमजेने मोटार घेतली तेव्हा मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यातल्या निम्म्या लोकांना आनंद झाला आणि उरलेल्यांच्या पोटात दुखलं. जवाहरनगरच्या कारखान्यातले एक साहेब बदली होऊन निघाले होते, त्यांची ही जुनी अॅम्बॅसडर. रंग कोणे एके काळी पांढरा. मागचं एक दार फक्त बाहेरून उघडायचं, हॉर्न मनात आलं तर वाजायचा, आणि इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा साहेबांच्या वेळेपासूनच एका जागी चिकटून बसला होता. पण नंदलालला त्याचं काय! लुगडी विणून घ्यायची आणि बाजारोबाजार विकायची, हा त्याचा धंदा. आजवरचा जन्म एस.टी.च्या टपावर गाठोडी चढवण्यात गेला. स्टिअरिंगमागे बसला की त्याची मान आता आपोआप ताठ व्हायची.

मोटारीचा सगळ्यांत जास्त आनंद मात्र त्याच्या थोरल्या बहिणीला, धुरपताबाईला झाला होता. तिने तसं कुणाला सांगितलं नाही. स्वतःचं काही सांगायची तिला सवयच नव्हती.

धुरपताबाई ऐन उमेदीत विधवा होऊन भावाकडे आली ती कायमची. नंदलालची बायको कौशल्याबाई मागावर बसायची, म्हणून त्यांची चंद्रकला या आत्याच्याच कडेवर वाढली. घरातलं खळीचं कामही आत्याचंच. तांदळाची पेज शिजवायची, गाळायची आणि कुंच्याने ताण्याच्या सुतावर फिरवायची, की सूत ताठ होतं. विणकर याला पाजणी म्हणतात. धुरपताबाईने पाजलेलं सूत मागावर सहसा तुटत नसे. पण त्या सुताची लुगडी ज्या लग्नांत नेसली जायची, तिथे तिला जागा नव्हती. हळद कुटायची तिने, आणि हळद लागायची वेळ झाली की "बाई, तू जराशी दूर राय" हेही तिनेच ऐकायचं. कुणी दुष्टाव्याने म्हणत नसे, हेच तर वाईट. पाणी मागावं तितक्या सहज म्हणत.

त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर चंद्रकलेचं जमत आलं. सानगडीच्या मधुकरराव हेडाऊंचं कापडाचं दुकान, मुलगा दुकानातच बसणारा, सरळ. ते लोक येऊन मुलगी पसंत करून गेले होते. आता इकडच्यांनी जाऊन घर पाहायचं आणि मुलाला टिळा लावायचा, की गोष्ट पक्की.

"आत्या, तू बी जाय," चंद्रकला म्हणाली. "बाबा तं दुकान पायतीन, आई लुगडे पायन. सैपाकघराले खिडकी हाय का नाई, हे मले कोन सांगन?"

मोहाडीच्या घरातलं स्वयंपाकघर म्हणजे धुराची कोठी होती. त्या धुराने आत्याचे डोळे बाराही महिने लाल, हे पोरगी लहानपणापासून पाहत आली होती. नंदलालने ते ऐकलं. त्याने डोकं खाजवलं. एस.टी.ने जायचं असतं तर त्याने विषय तिथेच मिटवला असता. पण दारात मोटार उभी होती, आणि मोटारवाल्या माणसाचं मन जरा मोठं होतं.

"चाल बाई तू बी," तो म्हणाला. "आपलीच तं गाडी हाय."

"शुभकामाले?" सुंदरबाई काकीने नाक मुरडलं. ही नंदलालची चुलती. घरातल्या रीतिभातीचा मक्ता तिच्याकडे.

"मागं बसन ना थे, काकी."

निघायच्या आदल्या दिवशी बाबूलाल मिस्त्रीने मोटारीखाली वाकून पाहिलं. "रेडिएटर गळून राहिला, शेटजी. झाळ माराले भंडाऱ्याले न्या लागते. पन उद्याच्या पुरतं, पान्यात दोन मुठी हळद टाकून द्या. छेद बुजते."

सकाळी नंदलालने ते काम बहिणीला सांगितलं आणि आंघोळीला पळाला.

धुरपताबाई हळद आणायला आत गेली. डबा रिकामा. घरातली सगळी हळद कौशल्याबाईने टिळ्याच्या ताटात काढून, कुंकू, नारळ, सुपारीसह नव्या कापडाखाली देवापुढे ठेवली होती. बाईचा हात कापडापर्यंत गेला आणि परत आला. शुभकामाची हळद. वहिनीला मागावी, तर बाजूलाच काकी वेणी घालत बसलेली. ती म्हणणार, "पाय, निघाच्या पयलेच अडलं." आणि मग आपण घरीच. बाहेरून नंदलाल ओरडत होता, "बाई, झालं का वं?"

पडवीत कालची खळ होती. बाईने तिच्याकडे पाहिलं. सुताचे एवढे बारीक केस बसवते ही, तर पत्र्याचं एवढंसं भोक नाही बुजवणार? हळदीला अक्कल असेल तर खळीला काय कमी आहे? तिने चांगली पातळ केली, गाळून घेतली, म्हणजे गाठी नकोत, आणि तांब्या तांब्या करून मोटारीला पाजली. थोड्या वेळाने वाकून पाहिलं. थेंब थांबला होता.

भंडारा मागे पडलं. लाखनीला चहासाठी थांबले तेव्हा नंदलाल रस्त्यावर आडवा होऊन खालून पाहून आला. "एक थेंब नाई! हळद म्हंजे काय चीज हाय!" मागच्या सीटवर काकी आणि कौशल्याबाईच्या मधे अंग चोरून बसलेल्या धुरपताबाईला मनातून हसू फुटलं. असं खुदकन हसू तिला बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी कापणी चाललेली, धानाचे कडपे बांधांवर पडलेले, आणि ती चंद्रकलेचं घर पाहायला चालली होती. बस, आणखी काय पाहिजे माणसाला?

साकोली सोडून सानगडीचा रस्ता धरला आणि काकीने हवा हुंगली. "कोनाचा तरी भात करपून राहिला."

आजूबाजूला घर नव्हतं. धुरपताबाईनेही हुंगलं. तो वास या गाडीत तिच्याइतका कोण ओळखणार? तोंड उघडावं असं वाटेपर्यंत पुढून वाफेचा लोट उठला, इंजिनात खडखड झाली, मोठा आचका बसला आणि गाडी एका पळसाखाली जाऊन थांबली ती थांबलीच. नंदलालने हँडल लावून जोर केला. हँडल तसूभर हललं नाही. इंजिन आतून जाम झालं होतं. झाकणाला हात लावायची सोय नव्हती, इतकं ते तापलं होतं. तो नुसता समोर उभा राहून घाम पुसत राहिला.

सायकलवर जाणाऱ्या एका माणसाबरोबर सानगडीला निरोप धाडला. मग पळसाखाली बसण्याखेरीज काही हाती नव्हतं, आणि रिकामं बसलं की काकीच्या जिभेला पाय फुटत.

"मी म्हनलं होतं," ती म्हणाली. रोख कुणावर ते सांगायची गरज नव्हती. कौशल्याबाईने मान वळवून शेताकडे पाहिलं. "आता पावने बैलबंडी धाडतीन. गाडीपाशी कोनी तं पायजे. धुरपता राहीन," काकीनेच ठरवून टाकलं.

धुरपताबाईने भावाकडे पाहिलं. नंदलाल बुटाने माती उकरत होता. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. बाईला काय लागलं असेल तर ते हे. काकी चुलती होती, पण भाऊ सख्खा होता.

इतक्यात बैलबंडी घेऊन मधुकरराव स्वतःच आले. मोठ्या आवाजाचे, मोकळे गृहस्थ. "गाड्या का, बंद पडतेतच. बसा बंडीत, जेवन निवून राहिलं!" इथे गप्प बसली असती तर ती काकी कसली?

"काय सांगाव, पावने. शुभकामाले निघालो अन् गाडीत असं मानूस घेतलं. शकुनच खराब झाला."

मधुकररावांचं हसू विरलं. त्यांनी पांढऱ्या लुगड्यातल्या धुरपताबाईकडे पाहिलं, बंद मोटारीकडे पाहिलं. मग दुपट्ट्याने मान पुसत हळूच म्हणाले, "असं का? मंग... जेवाले तं चाला. टिळ्याचं पाहू मागून. घाई कायची हाय?"

टिळ्याचं मागून पाहू, याचा अर्थ आपल्याकडे लहान पोरालाही कळतो. कौशल्याबाईचा चेहरा पांढराफटक पडला. धुरपताबाईच्या डोळ्यांपुढे चंद्रकला उभी राहिली, दारात, वाट पाहत. एवढी वर्षं स्वतःवरचे बोल तिने मुकाट गिळले होते. पण हा बोल आता पोरीच्या पानावर येऊन पडत होता. ती उठली.

"शकुन-बिकुन काई नाई," ती म्हणाली. "माया कपाळानं नाई बंद पडली गाडी. माया हातानं बंद पडली. मी तिले खळ पाजली."

कुणाला काही समजेना. मधुकररावांनी दुपट्टा हाताला गुंडाळला, आता निवलेलं झाकण फिरवून उघडलं, एक काडी आत घातली. काडीबरोबर तपकिरी लगदा वर आला. ते जातिवंत विणकर, दुकान टाकण्याआधी मागावरच वाढलेले. त्यांनी वास घेतला.

"तांदयाची व्हय?"

"हाव. फडक्यातून गायून घेतली होती."

"गायून!" मधुकररावांच्या मिशा हलायला लागल्या. "अवं माय! लोकं मोटारीत पेट्रोल टाकतेत, यायनं ताना समजून पाजनी केली!" आणि ते बंडीच्या चाकाला धरून असे हसले की बैलांनी कान टवकारले. कौशल्याबाईला हुंदका आला की हसू, ते तिलाच कळेना.

नंदलाल मात्र भडकला होता. नवी नव्हे, पण त्याची मोटार होती. "म्या तुले हळद सांगतली होती ना, बाई? दोन मुठी हळद! काहून नाई टाकली?"

"हळद टिळ्याच्या ताटात होती," धुरपताबाई म्हणाली. "तिले माया हात कसा लावू?"

हसणं बंद पडलं. मधुकरराव काडी हातात धरून तसेच उभे राहिले. काकीने पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला.

नंदलाल मोटारीच्या बंपरवर बसला. दूर राय, मागं बस, हात नोको लावू; हे सगळं त्यानेही कित्येकदा म्हटलं होतं, आणि म्हणताना कधी काही वाटलं नव्हतं. बाबूलालला विचारलं तर तो सांगेल इंजिन कशाने गेलं ते. पण खरं काय ते नंदलालला पळसाखालीच कळलं, आणि त्याला बहिणीकडे मान वर करून पाहता येईना. त्याला लाज वाटली. चांगली, घसघशीत लाज वाटली.

मग तो उठला. गाडीतून टिळ्याचं ताट काढून त्याने बहिणीच्या हातात दिलं. "बंडी हालते. नीट धरून बस, सांडन."

"अरे, पन गाडीपाशी कोन राहीन?" काकीने शेवटचा प्रयत्न केला.

"कोनी नाई. ज्याले न्याची असन त्यानं उचलून न्यावी."

मधुकरराव खाकरले. "चाला," ते म्हणाले, "टिळा आजच लागन. खळ गायून घेनाऱ्या घरची पोरगी आमाले पायजे."

ताट मांडीवर घेऊन धुरपताबाई बंडीत पुढे बसली. रस्ताभर तिने कापडाची चारही टोकं दाबून धरली होती. सानगडीला पोचल्यावर ती सवयीने अंगणातच थांबली, तर मधुकररावांच्या पत्नी शोभाताई बाहेर आल्या. मधुकररावांनी बंडीतून उतरल्या उतरल्या सगळा किस्सा त्यांच्या कानावर घातला होता. "खळवाल्या आत्या कोनत्या? या ना घरात!" आत गेल्यावर बाईने बाकी काही पाहिलं नाही, आधी स्वयंपाकघर पाहिलं. खिडकी होती. चांगली मोठी, मागच्या वाडीत उघडणारी. बाहेर पपईचं झाड होतं आणि चुलीचा धूर सरळ त्याच्याकडे जात होता. बाई तिथे उभ्या उभ्याच रडली. शोभाताईंना वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

मोटार पुढे ट्रकमागे बांधून भंडाऱ्याला नेली. इंजिन खोललं, महिनाभर खोललेलंच राहिलं, आणि मिस्त्री लोकांना हसायला एक गोष्ट मिळाली. वैशाखात लग्न झालं तेव्हा मात्र ती दारात उभी होती, फुलांच्या माळा घालून, हॉर्न अजूनही लहरीचाच. पाठवणीच्या वेळी चंद्रकला मागच्या सीटवर बसली. तिला वाटेत प्यायला पाणी असावं म्हणून धुरपताबाई भरलेला तांब्या घेऊन लगबगीने मोटारीकडे निघाली.

बाबूलालने ते पाहिलं आणि मांडवभर ओरडला, "अरे धरा, धरा! आत्याले दूर ठेवा रे गाडीपासून!"

मांडव खो खो हसला. काकीसुद्धा हसली. "दूर राय" म्हटल्यावर धुरपताबाई आयुष्यात पहिल्यांदाच हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले, तर गालाला पिवळं लागलं. सकाळी पोरीला लावलेली हळद अजून तिच्या हातावरून गेली नव्हती.