लहूचा मेघवीर

"तुमचा जुना मेघवीर दोन जिने चढला की धापा टाकतो, मास्तर. तो कसला वीर?" लहूने सुईत दोरा ओवत विचारलं.

मनमोहन आगासकरांनी मान वर केली नाही. गिरगावातल्या त्या छापखान्यात हा वाद रोज चहाबरोबर व्हायचा. 'मेघवीर' ही चित्रकथा दर महिन्याला निघे, महायुद्धाच्या आधीपासून. पहिल्या अंकापासून चित्रं मनमोहन काढत, आणि वरळी कोळीवाड्यातला लहू अंक शिवायचा. लेखक मात्र बदलले. सुरुवातीला हरेश्वर गुरुजी लिहीत. त्यांचा मेघवीर म्हणजे बुरखा घातलेला साधा माणूस. मार खायचा, हात मोडून घ्यायचा, घरी येऊन स्वतःच शेकत बसायचा. गुरुजी वारले आणि रमाकांत आला. त्याचा मेघवीर उडू लागला, गोळ्या त्याच्या छातीवर आपटून खाली पडू लागल्या. खपही वाढला.

ज्याला काही होतच नाही त्याच्या धैर्याचं कौतुक कसलं, असं मनमोहन म्हणत. मार खाणारी माणसं चाळीत फुकट दिसतात, त्यासाठी पुस्तक कोण घेईल, असं लहू म्हणे. मनमोहन चिडत, आणि चिडूनच पुढचं पान काढायला घेत.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीने जाहीर केलं आणि रस्ते पेटले. त्या दुपारी मालक अप्पांनी काम बंद करून सगळ्यांना घरी जायला सांगितलं. लहू दाराच्या फळ्या लावायला बाहेर गेला. मनमोहन आत ब्रश धूत होते. नाक्यावरच्या घोषणा ऐकू येत होत्या, मग पळापळ, मग फटाक्यांसारखे आवाज. ते दाराशी आले तेव्हा लहू पायरीवर बसला होता. एक फळी अजून हातातच होती.

"मास्तर, काय लागलं बघा जरा."

सदऱ्यावर बटणाएवढा डाग होता.

"शाई आहे रे," मनमोहन म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं. लहूनेही मान हलवली, पटल्यासारखी. मग त्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि डाग पसरू लागला.

हातगाडीवर घालून इस्पितळात नेईपर्यंत तो गेला होता.

घरी बायकोने, सरोजिनीने ताट वाढलं, तिला ते एवढंच सांगत राहिले की मी त्याला शाई म्हणालो. आयुष्यभर त्यांनी चित्रांत गोळ्या काढल्या होत्या. गोळी लागलेला माणूस हात फेकून मागे कोसळतो, असंच काढलं होतं. तो असा बसून राहतो, आपल्याला विचारतो, आपलं ऐकून घेतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

संचारबंदी उठली, छापखाना उघडला. अंकाला उशीर झाला होता. रमाकांतच्या पहिल्याच पानावर मेघवीराच्या छातीवरून गोळ्या उसळत होत्या. मनमोहन कागदासमोर बसून राहिले. रमाकांत शेजारी येऊन उभा राहिला. स्वतःचंच पान त्याने पुन्हा एकदा वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. त्या महिन्यात अंक निघाला नाही.

तेरावं झाल्यावर मनमोहन वरळीला गेले. लहूची बायको गुणवंती ओट्यावर एकटीच होती. तिने पाट दिला, पाणी दिलं. कोनाड्यात 'मेघवीर'चे जुने अंक रचलेले होते, सगळ्यात वर गुरुजींच्या काळातले, कडा झिजलेले.

"त्याला हेच आवडायचे," ती म्हणाली. "रात्री हेच वाचून दाखवायचा मला."

"पण तो तर रोज माझ्याशी भांडायचा."

"ते पण सांगायचा. म्हणायचा, मास्तर चिडले की त्यांचा हात झकास चालतो."

मनमोहनांच्या हातातलं पाणी तसंच राहिलं. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांना हे कळलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "लोक बोलतात, तो धोंडे मारत होता. तुम्ही होतात ना तिथं? कसं झालं?"

त्यांनी सांगायला सुरुवात केली, पण पायरीच्या पुढे शब्द जाईनात. त्यांनी कागद मागितला. तिने सरलेल्या वर्षाच्या कॅलेंडरचं पान फाडून दिलं. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पायरी काढली, दार काढलं, मग लहू. तो जसा बसला होता तसाच. हातात फळी, दुसरा हात रिकामा. पेन्सिल सदऱ्यापाशी येऊन थांबली.

गुणवंती वाकून बघत होती. "पोरं बघतील," ती हळूच म्हणाली.

त्यांनी सदरा कोरा ठेवला.

तिने कागद घेतला, उजेडात धरला. "फळी होती," ती म्हणाली. मग उठली, पदर सारखा केला आणि कागद घेऊन शेजारच्या दाराकडे चालू लागली.